चव्हाटा आणि माजघर

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या माणसाचा पत्ता हा नुसता पत्ता कधीच नव्हता. सेक्टर कोणता, स्ट्रीट कोणती आणि क्वार्टर कोणत्या प्रकारचे एवढे कळले की त्या माणसाची श्रेणी कळे. श्रेणीवरून पगार कळे. आणि पगारावरून मुलीच्या लग्नात तो कितपत हात सैल सोडू शकेल याचा अदमास शेजारच्या बायका पाणी भरता भरता बांधीत. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि पुढील दोन-तीन दशकांत भारतातील जवळजवळ सर्व भाषा बोलणारी माणसे येथे येऊन स्थायिक झाली. मराठी माणसांना हा प्रदेश अगदीच परका नव्हता. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ साली रतनपूरचा कारभार हाती घेतल्यापासून मराठी कुटुंबे छत्तीसगडात होती; १९०६ साली निर्माण झालेल्या दुर्ग जिल्ह्याची राजधानी १९५६ पर्यंत नागपूरच होती; आणि गोंदियाहून मुंबई-हावडा मार्गाची गाडी पकडली की माणूस काही तासांत दुर्गला उतरे. विदर्भातून आलेल्या या कुटुंबांनी क्वार्टरच्या दोन खोल्यांत आपापले वाडे मनोमन थाटले. पुढली खोली ती ओसरी, आतली ते माजघर, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर देव. भिंत एका विटेची असली, तरी शेजारणीच्या घरातले भांडण ऐकू आल्यास ते ऐकू आले नाही असे दाखविण्याचा एक शिष्टाचार होता आणि तो पाळला जाई.

म्हणजे खासगी आयुष्य येथे मुळातच विरळ होते. कारखान्याला माणसाची जन्मतारीख, शिक्षण, कर्ज, रजा, कुटुंबातील अवलंबितांची नावे ठाऊक असत; औषधोपचाराच्या पुस्तकात घरातल्या प्रत्येकाचा आजार नोंदलेला असे; आणि स्ट्रीटला उरलेले सारे ठाऊक असे. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही माहिती पुष्कळ असली तरी ती ज्या त्या ठिकाणी होती. फाईल कार्यालयाच्या कपाटाबाहेर पडत नसे, आजार डॉक्टरांपाशी राही, भांडण स्ट्रीटच्या वळणाशी थांबे. दुसऱ्या सेक्टरात बदली झाली की निम्मी अपकीर्ती मागे राहून जाई. तिन्ही कोठारांची कुलुपे निराळी होती आणि एकच किल्ली कोणापाशीही नव्हती. वसाहतीतील माणसाने आपल्याविषयीचे ज्ञान कोणाला दिले नव्हते. ते त्याच्याकडून घेतले गेले होते, आणि ते कोणी व किती घेतले आहे हे त्याला साधारणपणे माहीत होते.

मराठीत ज्याला ‘खासगी’ म्हणतात त्या शब्दाचा इतिहास या संदर्भात पाहण्याजोगा आहे. मूळ अरबी ‘खास’. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘खासगी’ हा हिशेबाचा, मिळकतीचा शब्द आहे. होळकरांच्या दौलतीत ‘सरकार’ आणि ‘खासगी’ अशा दोन बाबी निराळ्या होत्या. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र खासगी जहागीर दिली आणि पुढे तीच अहिल्याबाईंच्या दानधर्माचा आधार झाली. तेव्हा या शब्दात लपवाछपवीचा वास मुळीच नाही. दरबारला न विचारता जे खर्च करता येते ते खासगी, असा त्याचा सरळ अर्थ. आणि ती मिळकत एका स्त्रीच्या नावे होती हेही विसरू नये. उलट ‘गुपित’ या शब्दाला अपराधाची किंचित छटा आहे, तर ‘एकांत’ हा एकीकडे साधकाचा आणि दुसरीकडे प्रेमिकांचा. ‘षट्कर्णी होणे’ या संस्कृतातून आलेल्या प्रयोगात तर सरळ गणितच मांडलेले आहे: चार कानांपर्यंत ठीक, सहा झाले की गोष्ट गेली. आणि गेली कोठे? चव्हाट्यावर. चार वाटा मिळतात ती जागा. कोकणात तेथे देवही असतो. अब्रू चव्हाट्यावर येते, आणली जाते, मांडली जाते. ती आपल्या पायांनी तेथे चालत जाऊन बसली असे सांगण्याची सोय मराठी वाक्प्रचारांत नाही. भाषेला ही शक्यता सुचली नव्हती असे दिसते.

कायद्यालाही ती उशिराच सुचली. खासगीपणाचा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे आला तो पोलिसाच्या बुटांच्या आवाजाने. संशयिताच्या घरी रात्री-अपरात्री जाऊन तो आत आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार पोलिसांना असावा काय, हा १९६२ सालच्या खडक सिंग प्रकरणातील प्रश्न होता, आणि १९७५ साली गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यातही तोच होता. दुर्ग त्या वेळी मध्य प्रदेशातच होते, तेव्हा ज्या पोलीस-नियमांची तेथे चर्चा झाली ते येथेही लागू होते. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतील जबलपूर प्रकरणाचा १९७६ चा निर्णय चुकीचा ठरविला. त्या निर्णयाच्या बाजूने मत देणाऱ्यांत त्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. पितापुत्रांची ही कथा एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर ती कृत्रिम म्हणून टीकाकारांनी झोडपली असती. असो. मुद्दा असा की या साऱ्या वादांत दार बाहेरून ठोठावले जात आहे. आतल्या माणसानेच दार काढून रस्त्यावर ठेवले तर त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न निराळा आहे.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी पोस्टकार्डाचा विचार करणे इष्ट होईल, कारण उघड्यावर लिहिण्याची सवय मराठी समाजाला फेसबुकाने लावली असे मानणे बरोबर नाही. १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले, आणि पुढची शंभर वर्षे सामान्य कुटुंबांचा बहुतेक पत्रव्यवहार लखोट्याविना झाला. कार्ड पोस्टमन वाची, पोस्टमास्तर वाची, ज्याच्या हातून ते घरात जाई तो शेजारचा मुलगा वाची. पुष्कळदा तोच मोठ्याने वाचून दाखवी, कारण ज्यांना ते आले त्यांना वाचता येत नसे. लिहिणाऱ्याला हे पक्के ठाऊक होते. त्या जाणिवेतून एक संपूर्ण गद्यशैली जन्मास आली. ‘येथील सर्व क्षेम’ या तीन शब्दांत क्षेम नसलेले किती मावे! ‘चिरंजीवांचे पूर्वीसारखेच आहे’ म्हणजे पुन्हा नापास झाला. ‘बाकी समक्ष भेटीत’ हे वाक्य आले की वाचणारी बाई कार्ड फळीवर ठेवून गप्प बसे, कारण त्या ‘बाकी’मध्येच पत्र होते. मृत्यूची वार्ता असेल तर कार्डाचा कोपरा फाडलेला असे, म्हणजे अक्षर वाचण्याआधीच हाताला कळावे. जे सांगावयाचे ते सांगितले जाई आणि जे झाकावयाचे ते झाकलेही जाई, आणि हे दोन्ही एकाच उघड्या पृष्ठावर घडे. भिलाईहून वर्ध्याला, भंडाऱ्याला, अमरावतीला गेलेली अशी हजारो कार्डे कुटुंबांच्या ट्रंकांत होती. त्यांतील फार थोडी आज शिल्लक असतील. अभ्यासकांनी बखरींवर आणि लेखनपद्धतींवर जेवढा विचार केला, तेवढा या कार्डांच्या गद्यावर केलेला नाही ही खेदाची गोष्ट आहे.

पोस्टकार्ड लिहिणाऱ्याला आपण चव्हाट्यावर आहोत हे ठाऊक होते, म्हणून तो शब्दांचे माजघर बांधी. आजच्या माणसाची भ्रांती याच्या नेमकी उलट आहे. तो माजघरात बसलेला असतो, पलंगावर पाय घेऊन, एकटा, हातात काच; आणि ज्याला तो माजघर समजतो तो चव्हाटा असतो. बसण्याची जागा खासगी, म्हणून लिहिण्याची जागाही खासगी असा त्याच्या शरीराचाच समज होतो. तंत्राने केलेली ही फसवणूक बुद्धीची नव्हे, सवयीची आहे. म्हणूनच सुशिक्षितांना आणि अशिक्षितांना ती सारखीच बाधते.

घडले ते फार झपाट्याने. २००६ च्या सप्टेंबरात फेसबुक सर्वांसाठी खुले झाले; त्याच्या आधीपासून भारतीय तरुणांत प्रिय असलेले ऑर्कुट २०१४ साली बंद पडले; आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर स्वस्त इंटरनेट भिलाईच्या सुपेला बाजारातील भाजीवाल्याच्या हातातही आले. त्यानंतर वसाहतीच्या जुन्या तीन कोठारांची भिंत आतूनच पडली. वाढदिवस, वास्तुशांत, नवी मोटार, परीक्षेचे गुणपत्रक, मुलाच्या शाळेच्या गणवेशावरील शाळेचे नाव, ‘आठ दिवस केरळात’ अशी घोषणा, म्हणजे घर आठ दिवस बंद आहे ही सूचना. सारे एका ठिकाणी, तारखेसह. कारखान्याच्या फाईलमध्ये कधीच नसलेली एक गोष्ट तेथे नव्याने आली, ती म्हणजे चेहरा: रोजचा, बदलता, वय वाढताना दिसणारा चेहरा. याच शहराचे नाव २०२३ साली महादेव या ऑनलाइन सट्ट्याच्या ॲपमुळे देशभर गाजले. त्या प्रकरणात इतरांच्या नावे उघडलेल्या बँक-खात्यांतून पैसा फिरविल्याचे तपासयंत्रणांचे म्हणणे आहे. प्रकरण न्यायालयात असल्याने त्याविषयी अधिक बोलणे योग्य नव्हे. परंतु नाव, छायाचित्र आणि कागदपत्रे ही दुसऱ्याला सहज वापरावयास देण्याची वस्तू आहे, ही भावना समाजात किती मुरली आहे हे त्या बातम्यांवरून दिसून आले.

या ठिकाणी ‘स्वेच्छेने’ हा शब्द थोडा थांबवून तपासला पाहिजे. माणसे आपली माहिती आपखुशीने देतात, मग तक्रार कसली, असे म्हणण्याची पद्धत आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणी फेसबुकनेच भारतासंबंधी जे आकडे दिले ते या दृष्टीने विलक्षण आहेत. व्यक्तिमत्त्वाची चाचणी घेणारे ते ॲप भारतात अवघ्या ३३५ जणांनी आपल्या खात्यावर घेतले होते. त्या ३३५ जणांच्या मित्रयादीतून आणखी ५,६२,१२० लोकांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती. स्वेच्छा होती ती ३३५ जणांची. उरलेल्या साडेपाच लाखांहून अधिक माणसांनी काहीच केले नव्हते. कोणीतरी त्यांना ‘मित्र’ म्हणत होते, एवढाच त्यांचा अपराध. खासगीपणा ही एका माणसाच्या मालकीची वस्तू आहे असे धरून चालणारे सर्व युक्तिवाद या आकड्यांपाशी लटके पडतात. एकत्र कुटुंबातील सामाईक विहिरीसारखी ती वस्तू आहे. एकाने झाकण काढले की पाणी सर्वांचेच उघडे पडते.

आणि ‘मित्र’ हा शब्द या भूमीत तरी इतका स्वस्त नव्हता. छत्तीसगडात मैत्री ‘बदली’ जाते, म्हणजे विधिपूर्वक बांधली जाते. जगन्नाथपुरीचा प्रसाद एकमेकांना देऊन दोघे ‘महाप्रसाद’ होतात, गंगेचे पाणी देऊन ‘गंगाजल’ होतात. राखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी टोपलीत उगवलेल्या गव्हाच्या पिवळ्या अंकुरांचे विसर्जन होते, आणि मुली ते अंकुर एकमेकींच्या कानांवर खोवून ‘भोजली’ होतात. ही मितानी जात ओलांडते, आयुष्यभर टिकते, दोन्ही घरांच्या सुखदुःखांत तिला नात्याचा मान असतो. तिची सर्वांत लक्षणीय अट अशी की मितान झालेली माणसे त्यानंतर एकमेकांचे नाव घेत नाहीत. ‘महाप्रसाद’ अशीच हाक मारावयाची. जवळीक जसजशी वाढते तसतसे नाव आत जाते, असे त्यामागचे तत्त्व दिसते. मराठी संसारातही पतीचे नाव उखाण्यात गुंफूनच घेतले जाई. त्यातील विषमता आज कोणी नाकारणार नाही, मितानीत मात्र ती नाही, कारण मौन दोन्ही बाजूंचे आहे. भारत-सोव्हिएत स्नेहाची खूण म्हणून भिलाईत ‘मैत्री बाग’ आहे, वसाहतीच्या सभोवतालच्या गावांत मितानी आहे, आणि त्याच परिसरातील एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्यावर दोन-अडीच हजार मित्र असतात. एकाच शब्दाचे इतके निरनिराळे वजन एकाच पिनकोडात सापडावे हे तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने मौजेचे आहे.

अशाच एका सेक्टरातील एका मराठी घरात जे घडले ते बाहेरून पाहता फारच किरकोळ होते. घरातील बाई सत्तरीच्या आसपासच्या, यजमान कारखान्यातून निवृत्त, मुलगा पुण्यास. बाई मूळच्या वऱ्हाडच्या आणि वळणाने कडक. दारात भाजीवाला आला तरी पदर नीट करून, केसांवरून हात फिरवून मगच ओट्यावर यावयाचे, ही पन्नास वर्षांची शिस्त. एका पावसाळ्यात त्या एकाएकी आजारी पडल्या, शस्त्रक्रिया झाली, दोन दिवस शुद्धीचा भरवसा नव्हता. मुलगा धावत आला. अतिदक्षता विभागातून त्यांना बाहेर आणले त्या संध्याकाळी त्याने त्यांचे छायाचित्र काढले: नाकात नळी, केस सुटलेले, दातांची कवळी काढून ठेवलेली, तोंड किंचित उघडे. ते त्याने व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवले आणि खाली आईसाठी प्रार्थना करण्याची विनंती लिहिली. त्याच्या मनात प्रेम आणि भय यांखेरीज काही नव्हते, याविषयी कोणालाही शंका घेता येणार नाही. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप पुसले जाते, हेही त्याला ठाऊक होते. परंतु तेवढ्या अवधीत एका मामेभावाने त्याची प्रत काढून कुटुंबाच्या गटात पाठविली, तेथून ती दुसऱ्या गटात गेली, आणि एका हितचिंतकाने तिच्याभोवती समया आणि फुले रेखून ती परत पाठविली. त्या सजावटीमुळे अमरावतीच्या एका वृद्ध आप्तांचा काही तास भलताच समज झाला होता.

बाई बऱ्या झाल्या. दीड महिन्याने यजमानांच्या फोनवर नातवाचे चित्र पाहता पाहता त्यांच्या बोटाखाली ते छायाचित्र आले. प्रथम त्यांनी ते ओळखले नाही.

“अहो, ही कोण बाई?”

यजमानांनी फोन घेण्यासाठी हात पुढे केला, तो त्यांनी दिला नाही. रात्री मुलाचा फोन आला तेव्हा त्या फार थोडे बोलल्या.

“मी झोपले होते ना रे तेव्हा?”

“आई, सगळ्यांनी किती प्रार्थना केली गं तुझ्यासाठी. शंभर-सव्वाशे जणांनी.”

“प्रार्थनेला तोंड कशाला दाखवायला लागतं? माझं दुखणं होतं ते. तू वाटून टाकलंस.”

मुलाने छायाचित्र आपल्याकडून काढून टाकले, गटातही सर्वांना तशी विनंती केली, आणि बऱ्याच जणांनी ती मानली असावी. किती जणांनी, हे कळण्याचा मार्ग नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक परिचित बाई वाण देता देता सद्भावाने म्हणाल्या, “फोटोत किती थकलेल्या दिसत होतात हो तुम्ही!” बाईंनी ‘हो’ म्हटले, वाण घेतले, आणि त्या वर्षी पुढच्या तीन घरी त्या गेल्या नाहीत.

येथे साहित्याच्या अभ्यासकाच्या मनात एक आक्षेप उभा राहील, आणि तो राहावयासच हवा. आत्मचरित्र हा मराठी वाङ्मयाचा अभिमानविषय. त्यात तरी याहून निराळे काय आहे? रमाबाई रानड्यांनी १९१० साली आपला संसार लोकांपुढे ठेवला, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त तर पतीची विक्षिप्त वागणूक पानोपानी आहे, हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० मध्ये आले, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये, सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये. या प्रत्येक ग्रंथात दुसऱ्याचे काही ना काही उघडे झालेले आहे आणि त्या दुसऱ्याची अनुमती प्रत्येक वेळी घेतली असेल असे नाही. शिवाय झाकली मूठ सव्वालाखाची या म्हणीने शतकानुशतके कोणाचे रक्षण केले, असाही प्रश्न आहे. माजघराच्या अंधारात मार खाणाऱ्या बाईला, गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला चव्हाटा हीच एकमेव न्यायसभा होती. ‘बलुतं’ झाकून ठेवण्यात ज्यांचे हित होते त्यांनी त्या वेळी अब्रूचीच भाषा केली. २०१८ साली अनेक स्त्रियांनी समाजमाध्यमांवर आपले अनुभव उघड केले तेव्हाही तीच भाषा ऐकू आली. तेव्हा उघडेपणा वाईट आणि झाकणे चांगले, अशी सरळ वाटणी करणारा माणूस बहुधा स्वतः ओसरीवर बसलेला असतो.

तरीही फरक आहे, आणि तो कोठे आहे हे सांगण्यास दुर्गचाच एक माणूस उपयोगी पडतो. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवीत होते. राजनांदगाव १९७३ पर्यंत दुर्ग जिल्ह्यात होते. घरची भाषा मराठी, बंधू शरच्चंद्र मराठीतील प्रतिष्ठित कवी, आणि स्वतः मुक्तिबोध हिंदीचे युगप्रवर्तक कवी. त्यांच्या ‘एक साहित्यिक की डायरी’ या पुस्तकाचे नाव डायरीचे असले तरी त्यात रोजनिशी नाही. केशव नावाच्या मित्राशी चाललेले वाद आहेत, म्हणजे खासगीपणाला रूप दिलेले आहे. त्यात कलेचे तीन क्षण सांगितले आहेत. पहिला उत्कट जीवनानुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून अलग होऊन कल्पनाचित्राच्या रूपाने डोळ्यांपुढे उभा राहण्याचा. तिसरा, त्याला शब्द मिळू लागण्याचा. लक्ष्मीबाईंनी लिहिले तेव्हा टिळक जाऊन वर्षे लोटली होती. दया पवारांनी तर ‘दगडू’ला समोर बसवून त्याच्याकडून आपली कहाणी ऐकली. हा दुसरा क्षण आहे. त्यात कधी पंधरा वर्षे जातात, कधी एक रात्र; पण त्यात माणूस आपल्याच अनुभवाचा थोडा परका होतो, आणि काय सांगावयाचे व काय ‘समक्ष भेटीत’ ठेवावयाचे हे ठरवितो. रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाजवळ पहिला क्षण पूर्ण होता, आणि अंगठ्याच्या एका हालचालीने तिसराही होता. मधला क्षण ठेवण्याची जागा त्या यंत्रात नाही. त्यास कुचराई म्हणता येणार नाही, कारण यंत्राचा व्यवहारच त्या क्षणाच्या अभावावर चालतो. विचार करून लिहिणारा माणूस थोडे लिहितो, आणि थोडे लिहिणाऱ्यांवर जाहिराती विकल्या जात नाहीत.

यजमान मंडळी व्यवहारी. बाईंचे मन दुखावले आहे हे पाहून त्यांनी कायद्याची चौकशी केली. मुलावर खटला भरावयाचा नव्हता, पण अशा गोष्टीला कायदा काय म्हणतो हे त्यांना पाहावयाचे होते. ‘डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम’ २०२३ च्या ऑगस्टमध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात दोन अपवाद आहेत. एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागू नाही. आणि ज्याची माहिती त्यानेच ती सार्वजनिक केली असेल तरीही तो लागू नाही. समाजमाध्यमावर आपली मते लिहिताना स्वतःची माहिती उघड करणाऱ्या व्यक्तीचे उदाहरण अधिनियमातच दिले आहे. दुसरा अपवाद समजण्यासारखा आहे. आपली खासगी ज्याने स्वतः उधळली त्याला सरकारने काय म्हणून राखणदार द्यावा! बाईंचे प्रकरण मात्र पहिल्या अपवादात मोडते. मुलाचे कारण घरगुतीच होते. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यास आईबापांची खात्रीशीर संमती लागते, असेही त्या कायद्यात आहे; पण आईबापच मुलाच्या आंघोळीचे चित्र लावतात तेव्हा संमती कोणी कोणाकडून घ्यावयाची, याचे उत्तर तेथे नाही. कायदा उंबरठ्यापर्यंत येतो आणि चपला काढून बाहेरच थांबतो. माजघरातील लोकांनी एकमेकांची खासगी कशी खर्च करावी, हे त्याने माजघरावरच सोपविले आहे, आणि ते बहुधा योग्यच असेल.

पुढील वर्षी बाईंची दुसरी शस्त्रक्रिया ठरली. या वेळी त्यांनी आधीच अट घातली की रुग्णालयात जे कोणी सोबत राहील त्याने तेथे फोन फक्त बोलण्यासाठी वापरावा. मुलाने मान्य केले. आजाराची बातमी कोणाला कळवावयाची तेही त्यांनी दिनदर्शिकेच्या एका फाडलेल्या पानामागे लिहून यजमानांच्या हाती दिले. त्यावर तीन ओळी होत्या. एक वर्ध्याची बहीण, एक जुन्या स्ट्रीटवरची शेजारीण; तिसऱ्या ओळीत नाव नव्हते, नुसते ‘महाप्रसाद’ एवढेच लिहिले होते, आणि ती बाई पाटणकडच्या कोणत्या गावी असते हे फक्त यजमानांना ठाऊक होते. सुनेच्या माहेरचे त्या कागदावर कोणीच नव्हते, आणि त्यावरून घरात अजून थोडी धुसफूस चालू आहे.